जाहीरनाम्यातल्या आरोग्याच्या पानावर आकडा लिहा

प्रति,
सर्व राजकीय पक्षांच्या जाहीरनामा समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी एका रुग्णालयात बिलिंग काउंटरवर बसते. सतरा वर्षे झाली. अर्थशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि पुढचे शिक्षण त्या काचेच्या खिडकीने दिले. निवडणूक आली की मी सगळ्या पक्षांचे जाहीरनामे मिळवून वाचते. आधी आरोग्याचे पान, मग अर्थव्यवस्थेचे. दरवेळी असे वाटते की ही दोन पाने दोन वेगळ्या माणसांनी एकमेकांना न विचारता लिहिली आहेत. आरोग्याच्या पानावर ‘सर्वांना’, ‘मोफत’, ‘दर्जेदार’, ‘परवडणारे’ असे शब्द असतात. अर्थव्यवस्थेच्या पानावर तूट आटोक्यात ठेवू, कर वाढवणार नाही, कर्जाचा बोजा कमी करू, असे असते. पहिल्या पानावरचा खर्च दुसऱ्या पानावर कुठे धरला आहे ते शोधायला मी पेन्सिल घेऊन बसते. बहुतेक वेळा सापडत नाही. डावा पक्ष असो की उजवा, नवा असो की शंभर वर्षांचा, या बाबतीत मला फारसा फरक दिसलेला नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना मिळून लिहिते आहे.

तूट हा शब्द तुम्ही सभागृहात वापरता, मी खिडकीवर. आमच्याकडे तो कसा दिसतो ते आधी सांगते.

एक बाई रोज संध्याकाळी खिडकीवर यायच्या. नवरा वॉर्डात. “आजपर्यंत किती झाले?” एवढेच विचारायच्या. मी इंटरिम बिल काढून रक्कम सांगायची, त्या मुलाच्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर ती लिहायच्या आणि खाली वजाबाकी करायच्या. पाचव्या दिवशी त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला. “रात्री बाराच्या आत नेले तर आजचा बेड चार्ज लागतो का?” डॉक्टरांनी अजून तीन दिवस ठेवायला सांगितले होते. त्यांनी डामाच्या फॉर्मवर सही केली. डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर पेशंटला घरी नेणे. मी शिक्का मारला. कॉम्प्युटरवर ते खाते ‘ड्यू निल’, म्हणजे बाकी शून्य, होऊन बंद झाले. बाईंचा हिशेब जुळला, कारण तीन दिवसांचा उपचार त्यातून वजा झाला होता. ते तीन दिवस कुठल्याही सरकारच्या कुठल्याही खात्यात दिसत नाहीत. दिसले असते तर त्यांना तूटच म्हणावे लागले असते.

सरकारने आरोग्यावरचा हात आखडता घेतला की अर्थसंकल्पातली तूट कमी दिसते आणि अर्थमंत्री पाठ थोपटून घेतात. पण लोक आजारी पडायचे थांबत नाहीत. तो खर्च घरात येतो, वहीच्या मागच्या पानावर. आणि घराला रोखे विकून दहा वर्षांच्या मुदतीने कर्ज काढता येत नाही. कोणत्याही पक्षाचे आर्थिक धोरण वाचताना मी म्हणून एकच प्रश्न विचारते: तुम्ही तूट भरून काढता आहात की फक्त दुसऱ्याच्या नावावर टाकता आहात?

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक ठोकळेबाज चित्र बसले आहे. डावे म्हणजे उधळे, उजवे म्हणजे काटकसरी. डावे आरोग्य देणार, उजवे काढून घेणार. मी गेली काही वर्षे रात्री घरी बसून वाचत गेले तसतसे हे चित्र विस्कटत गेले.

आजारपणाचा सक्तीचा विमा देशपातळीवर पहिल्यांदा आणला तो जर्मनीत, 1883 मध्ये, बिस्मार्कने. समाजवाद्यांवर बंदी घालणारा कायदा त्यानेच पाच वर्षांपूर्वी केला होता. कामगार समाजवाद्यांकडे जाऊ नयेत म्हणून त्याने त्यांच्या आजारपणाची जबाबदारी घेतली. जपानने 1961 मध्ये प्रत्येक नागरिकाला विम्याखाली आणले, तेही पुराणमतवादी पक्षाच्या सत्तेत. आरोग्याचा विषय कुणा एका रंगाच्या झेंड्याची मालमत्ता कधीच नव्हता.

ब्रिटनची गोष्ट मला जास्त शिकवून गेली. राष्ट्रीय आरोग्य सेवेचे विधेयक 1946 मध्ये संसदेत आले तेव्हा हुजूर पक्षाने विरोधात मत दिले. 5 जुलै 1948 ला मजूर पक्षाच्या सरकारने सेवा सुरू केली आणि चष्मे, कवळ्या, औषधे यांसाठी लोकांची एवढी रीघ लागली की सुरुवातीचे अंदाज पार कोलमडले. वर्षानुवर्षे धूसर दिसत असूनही चष्मा न घेतलेली माणसे होती ती. पुढे कोरियाच्या युद्धासाठी शस्त्रांवरचा खर्च वाढला आणि 1951 मध्ये त्याच मजूर सरकारच्या अर्थमंत्र्यांनी, ह्यू गेट्स्केल यांनी, चष्म्यांवर आणि कवळ्यांवर शुल्क लावले. ज्यांनी ही सेवा उभी केली ते अन्यूरिन बेव्हन या मुद्द्यावर मंत्रिमंडळातून बाहेर पडले. म्हणजे मोफत सेवेला पहिला चिमटा काढला तो तिच्या जन्मदात्या पक्षानेच. त्यानंतर हुजूर पक्ष सत्तेवर आला, 1952 मध्ये औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग लावला आणि 1953 मध्ये एक समिती नेमली. या सेवेचा खर्च हाताबाहेर चालला आहे, अशी तेव्हा अनेकांची पक्की समजूत होती. केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ क्लॉड गिलेबो हे समितीचे अध्यक्ष. 1956 मध्ये अहवाल आला. रुपयाआण्यांत, म्हणजे त्यांच्या पौंडांत, खर्च वाढला होता खरा. पण राष्ट्रीय उत्पन्नाशी ताडून पाहिले तर 1949-50 मध्ये तो 3.75 टक्के होता आणि 1953-54 मध्ये 3.25 टक्क्यांवर उतरला होता. उधळपट्टी सापडली नाही. ज्या पक्षाने विधेयकाविरुद्ध मत दिले होते त्याच पक्षाच्या सरकारने तो अहवाल स्वीकारला आणि सेवा चालू ठेवली.

हा प्रसंग मी आमच्या ऑफिसात दोन-तीन वेळा सांगितला आहे, कारण आमच्याकडेही असेच होते. बिलाची रक्कम नुसती ऐकली की माणूस घाबरतो. कशाच्या प्रमाणात, कितीजणांमध्ये वाटून, किती दिवसांची, हे कळले की बोलणे सुरू होते. तुमच्या प्रचारसभांत ‘इतके हजार कोटी’ हा आकडा दोन्ही बाजूंनी फेकला जातो. एक बाजू तो अभिमानाने सांगते, दुसरी भीती घालायला. उत्पन्नाच्या किती टक्के आणि माणशी किती, हे दोन्हीकडून कुणी सांगत नाही.

अमेरिकेत दोनच मोठे पक्ष आहेत, त्यामुळे तुलना करणे सोपे. शिवाय तिथे 1974 पासून काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, स्वतंत्र अंदाजपत्रक कार्यालय आहे, जे प्रत्येक मोठ्या विधेयकाचा हिशेब मांडते. 1998 ते 2001 ही चार वर्षे तिथे तूट नव्हती, शिल्लक होती. बहुतेक काळ अध्यक्ष डेमोक्रॅट आणि काँग्रेस रिपब्लिकनांच्या ताब्यात. श्रेय दोघेही घेतात आणि दोघांनाही थोडेथोडे द्यावे लागते. 2003 मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांनी ज्येष्ठांसाठी औषधांची मोठी योजना आणली, पण तिच्यासाठी नवा कर लावला नाही. 2010 मध्ये डेमोक्रॅटांनी ओबामांच्या काळात विम्याचा कायदा केला. त्यात नवे कर होते, रुग्णालयांना मिळणाऱ्या वाढीला कात्री होती, आणि त्या कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे दहा वर्षांत तूट 143 अब्ज डॉलरने कमी होणार होती. उधळे म्हणवले गेलेल्यांनी पैशाची सोय करून योजना आणली आणि काटकसरी म्हणवणाऱ्यांनी सोय न करता आणली, असे इथे झाले. डेमोक्रॅटांनाही झुकते माप द्यायचे कारण नाही. 2021 मध्ये त्यांनी 1.9 लाख कोटी डॉलरचा मदतीचा कायदा जवळजवळ सगळा कर्जावर केला. विम्याच्या हप्त्यातली वाढीव सवलतही त्यातच सुरू झाली आणि पुढे तिची मुदत 2025 अखेरपर्यंतच ठेवली. मुदतीची सवलत म्हणजे पुढच्या सरकारच्या दारात ठेवलेले बिल.

मला सगळ्यात जास्त खटकला तो रिपब्लिकनांनी ट्रम्प यांच्या काळात केलेला 2025 चा करकपातीचा कायदा. त्याच कार्यालयाचा अंदाज असा की त्यामुळे 2034 पर्यंत 1 कोटी जास्त माणसे विम्याबाहेर जातील आणि दहा वर्षांत तूट 3.4 लाख कोटी डॉलरने वाढेल. आरोग्यावर कात्री चालवली आणि तूटही वाढली, कारण करकपात कात्रीपेक्षा मोठी होती. “तूट कमी करायची म्हणून आम्हाला आरोग्यावरचा खर्च नाइलाजाने कमी करावा लागतो” हे वाक्य जगातल्या बहुतेक भाषांत बोलले जाते. ते ऐकले की मी आता शेजारची ओळ वाचते: त्याच कागदात कुणाचा कर कमी केला आहे?

तरीही, कर कमी ठेवा म्हणणाऱ्या पक्षांचे एक म्हणणे मला पटते आणि ते नीट मांडले पाहिजे. पैसा आकाशातून पडत नाही. कर्जावरचे व्याज वाढत गेले की सगळ्यात आधी त्याचा फटका ज्यांना ओरडता येत नाही अशा खात्यांना बसतो, आणि आरोग्य त्यातलेच एक. 2010 नंतर ग्रीसमध्ये हेच झाले. आधीच्या सरकारांनी कर्ज लपवले, आकडे खोटे दाखवले आणि मग कर्ज देणाऱ्यांच्या अटीत सार्वजनिक आरोग्याचा खर्च उत्पन्नाच्या 6 टक्क्यांच्या वर न्यायचा नाही असे लिहून आले. नोकरी गेली की विमा जायचा. लाखो माणसे त्या काळात विम्याबाहेर होती, आणि त्यांना सार्वजनिक सेवेत पूर्णपणे परत घ्यायला 2016 चा कायदा यावा लागला. तेव्हा तुटीची काळजी करणारा माणूस गरिबांचा शत्रू असतो, असे मी म्हणणार नाही.

पण ती काळजी सगळीकडे सारखी हवी. सप्टेंबर 2022 मध्ये ब्रिटनमध्ये लिझ ट्रस यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारने सुमारे 45 अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. देशाचे स्वतंत्र अंदाजपत्रक कार्यालय 2010 पासून अस्तित्वात होते, त्यांच्याच पक्षाने स्थापन केलेले. त्याचा अंदाज मात्र त्या दिवशी सोबत जोडला नाही. पौंड कोसळला, पाच दिवसांत बँक ऑफ इंग्लंडला रोखे विकत घ्यायला बाजारात उतरावे लागले, आणि सत्तेवर आल्यापासून 45 व्या दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा जाहीर केला. औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग लावणारा आणि आरोग्याच्या खर्चावर समिती नेमणारा पक्ष 45 अब्जांसाठी हिशेबाचा कागद जोडायला विसरतो, तेव्हा काटकसर हा शब्द कुणाला लावायचा आणि कुणाला नाही हे आधीच ठरलेले असते.

आता मोफत उपचाराचे वचन देणाऱ्या पक्षांशी बोलते. मन माझे तुमच्याकडे झुकते, म्हणून तुमच्याशी जरा कडक बोलेन.

उपचार ही बाजारातली खरेदी नाही हे तुमचे म्हणणे मी रोज डोळ्यांनी पाहते. छातीत दुखते म्हणून आणलेल्या माणसाचे नातेवाईक चार रुग्णालयांचे दर विचारत फिरत नाहीत. एस्टिमेटच्या कागदावर सही मागितली की वाचत नाहीत, सही करतात. अशा ठिकाणी सगळ्यांनी निरोगी असताना थोडेथोडे भरून ठेवणे आणि आजारी माणसाने त्यातून घेणे, याहून शहाणपणाची व्यवस्था मला तरी माहीत नाही.

मग तुमच्या योजनेचे कार्ड घेऊन माणूस खिडकीवर येतो. मी ते पोर्टलवर टाकते. प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीची मागणी, पाठवते. “क्वेरी आली आहे” असे त्याला सांगते. क्वेरी म्हणजे योजनेवाल्यांनी काढलेली शंका हे त्याला कळत नाही, तो विचारतो, “म्हणजे होणार ना?” पॅकेजमध्ये शस्त्रक्रिया असते पण आत बसवायचा इम्प्लांट वेगळा असतो, किंवा तपासण्या भरती होण्याआधीच्या असतात म्हणून धरल्या जात नाहीत. क्लेमचे पैसे महिनोन्‌महिने आले नाहीत की रुग्णालये योजनेतले बेड हळूहळू कमी करतात. नाही कुणी म्हणत नाही, फक्त बेड ‘फुल’ असतात. कार्ड वाटणे हा वचनाचा सगळ्यात स्वस्त भाग आहे. महाग भाग म्हणजे नर्सचा पगार, तालुक्याच्या जागी टिकणारा भूलतज्ज्ञ, रात्री चालणारी प्रयोगशाळा आणि वेळेवर चुकता होणारा क्लेम. तो भाग तुमच्या जाहीरनाम्यात मला दिसत नाही.

ज्यांनी हे नीट केले त्यांच्याकडे पाहा. कॅनडाच्या सस्कॅचेवन प्रांतात 1944 मध्ये टॉमी डग्लस यांचा समाजवादी पक्ष निवडून आला. सर्वांना वैद्यकीय सेवा हे त्यांचे वचन होते. त्यांनी 1947 मध्ये फक्त रुग्णालयाचा विमा आणला. डॉक्टरांच्या सेवेचा विमा लागू व्हायला 1962 उजाडले. मधली वर्षे ते सरकार प्रांताचे अंदाजपत्रक शिलकीत ठेवत आणि जुने कर्ज फेडत राहिले. 1 जुलै 1962 ला योजना सुरू झाली त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले, 23 दिवस. योजना तरली. तिला पैसा कुठून येणार हे प्रांताला माहीत होते, हे त्याचे एक मोठे कारण असावे असे माझे मत आहे. पुढे केंद्रातल्या लिबरल सरकारने 1966 च्या कायद्याने ती देशभर नेण्याची सोय केली.

आणि त्याच लिबरल पक्षाने 1995 च्या अर्थसंकल्पात तूट संपवण्यासाठी प्रांतांना जाणारे पैसे कापले. अर्थमंत्री पॉल मार्टिन. दोन-तीन वर्षांत केंद्राची तूट संपली, जगभर कौतुक झाले. प्रांतांनी खाटा कमी केल्या, शस्त्रक्रियांच्या रांगा वाढल्या. 2004 मध्ये तेच मार्टिन पंतप्रधान असताना दहा वर्षांसाठी 41 अब्ज डॉलर परत द्यायचा करार करावा लागला, त्यातले काही खास रांगा कमी करण्यासाठी. तूट केंद्रातून प्रांतात, प्रांतातून रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या गुडघ्यात, अशी उतरत गेली होती.

थायलंडचे उदाहरण मला फार आवडते. 1997 च्या आर्थिक संकटाने तो देश मोडकळीला आला होता. 2001 च्या निवडणुकीत थकसिन शिनावात्रांच्या पक्षाने ‘30 बाटमध्ये कोणताही उपचार’ अशी घोषणा दिली आणि ते जिंकले. घोषणा म्हणून ही इतर घोषणांसारखीच. पण तिच्यामागे आरोग्य खात्यातल्या डॉक्टरांनी कित्येक वर्षे केलेला हिशेब तयार होता: माणशी वर्षाला 1,202 बाट. हा आकडा ठरला, तेवढे पैसे माणसांच्या संख्येप्रमाणे जिल्ह्यांना गेले, आणि खर्च त्यात बसवायचा होता. शिवाय 1980 च्या दशकात त्यांनी शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांवरची नवी गुंतवणूक काही वर्षे थांबवून गावांकडची रुग्णालये बांधली होती, त्यामुळे कार्ड घेऊन जायला जागा होती. 2006 मध्ये लष्कराने थकसिन यांना घालवले. लष्कराने नेमलेल्या सरकारने योजना बंद करण्याऐवजी ते 30 बाटही माफ केले. 2012 मध्ये थकसिन यांच्या बहिणीच्या, यिंगलक यांच्या, सरकारने ते पुन्हा लावले. 2014 मध्ये पुन्हा सत्तापालट झाला, तरी योजना चालूच राहिली. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या माणसांनी ती पुढे चालवली, कारण तिचा हिशेब सगळ्यांसमोर होता.

भारतातल्या पक्षांनाही हेच विचारायचे आहे. 2002 च्या आरोग्य धोरणात, वाजपेयी सरकारच्या काळात, सार्वजनिक आरोग्य खर्च 2010 पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या 2 टक्के करू असे म्हटले होते. 2004 मध्ये काँग्रेस आघाडीच्या किमान समान कार्यक्रमात पाच वर्षांत 2 ते 3 टक्के असे लिहिले. 2017 च्या धोरणात, मोदी सरकारच्या काळात, 2025 पर्यंत 2.5 टक्के. 2019 च्या काँग्रेसच्या जाहीरनाम्यात 2023-24 पर्यंत 3 टक्के. सरकारच्या स्वतःच्या आरोग्य लेख्यांप्रमाणे 2021-22 मध्ये, म्हणजे कोविडच्या काळातही, तो होता 1.84 टक्के. एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा मात्र 2013-14 मधल्या 64.2 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आल्याचे तेच लेखे सांगतात. हे चांगलेच झाले, आणि ज्याचे श्रेय असेल त्याने घ्यावे. पण दोन दशके दोन्ही बाजूंनी एकच वचन पुन्हा पुन्हा दिले, फक्त तारीख पुढे सरकवली. दरवर्षी किती टक्क्यांनी वाढवणार आणि कोणत्या करातून, हे शेजारी पक्के लिहिलेले मला दिसले नाही.

दुसरीकडे तुटीवरचा कायदा 2003 मध्ये एका आघाडीने केला आणि 2004 मध्ये त्याचे नियम दुसरीने लागू केले. त्यात तुटीसाठी ठरवलेल्या, देशाच्या उत्पन्नाच्या 3 टक्क्यांच्या मर्यादेबद्दल आणखी एक सांगते. युरोपात 1992 च्या मास्ट्रिक्ट करारात हाच 3 चा आकडा आला, आणि त्याचा उगम 1981 च्या फ्रान्समध्ये आहे. मित्तराँ यांच्या नव्या समाजवादी सरकारला मंत्र्यांच्या मागण्या थोपवायला एखादा सोपा नियम हवा होता. अर्थखात्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी घाईने तो काढून दिला. त्यामागे काही मोठा सिद्धांत नव्हता, हे त्यांच्यातल्याच एकाने पुढे उघड सांगितले. 2003 मध्ये जर्मनी आणि फ्रान्स यांनीही तो मोडला, आणि दंडाची प्रक्रिया थांबवण्यात आली. मी शिस्तीच्या विरोधात नाही. पण घाईत काढलेल्या एका आकड्यासाठी देशोदेशीचे पक्ष शपथा घेतात, आणि आजारी माणसाच्या खिशातून किती जाऊ देणार याच्या मर्यादेसाठी मात्र तशी शपथ फारशी कुणी घेत नाही, याचा मला राग येतो.

म्हणून मागणी करते.

नेदरलँड्समध्ये 1986 च्या निवडणुकीपासून एक पद्धत आहे. तिथले केंद्रीय नियोजन कार्यालय पक्षांचे जाहीरनामे मतदानाआधी तपासते आणि प्रत्येकाचा तुटीवर, रोजगारावर, घरांच्या उत्पन्नावर काय परिणाम होईल ते एकाच पुस्तकात शेजारीशेजारी छापते. पक्षांवर सक्ती नाही. 2023 मध्ये सगळ्यात जास्त जागा जिंकलेल्या विल्डर्स यांच्या पक्षाने आपला जाहीरनामा तपासायला दिलाच नव्हता. त्यांचे मोठे वचन होते आरोग्य विम्यातला ‘स्वतःचा वाटा’ रद्द करण्याचे. तिथे प्रत्येक प्रौढाला वर्षाचे पहिले 385 युरो स्वतः भरावे लागतात. सत्तेत वाटेकरी झाल्यावर आघाडीच्या करारात रद्द हा शब्द उरला नाही. 2027 पासून वाटा 165 युरोपर्यंत उतरवू असे लिहिले गेले. जून 2025 मध्ये तो पक्ष सरकारमधून बाहेर पडला. 165 हा आकडाही वाईट नव्हता, पण तो मतदानाआधी सांगायला हवा होता. ऑस्ट्रेलियातही 2012 पासून संसदेचे असे कार्यालय आहे, जिथून विरोधी पक्षालाही आपल्या वचनाची किंमत काढून मिळते.

तुमच्या देशात असे कार्यालय असेल तर जाहीरनामा छापायच्या आधी तिथे द्या. नसेल तर ते स्थापन करू हे पहिले वचन लिहा, आणि तोवर स्वतःचा हिशेब जोडा. मला त्यात काय हवे ते साध्या शब्दांत सांगते. आरोग्यावर माणशी वर्षाला किती खर्च करणार आणि आज किती होतो. तो वाढीव पैसा कोणत्या करातून, कोणत्या खात्यातून किंवा किती कर्जातून येणार. कर्ज काढणार असाल तर तसे लिहा, मी घाबरणार नाही. रुग्णालय बांधायला कर्ज काढणे मला समजते, दरमहाच्या पगारासाठी काढणे समजत नाही. लोकांच्या खिशातून जाणारा वाटा पाच वर्षांनी किती असेल. नर्स आणि डॉक्टरांच्या किती जागा कोणत्या वर्षी भरणार. आणि क्लेम किती दिवसांत चुकता होणार, नाही झाला तर व्याज कोण देणार. तुटीच्या पानावरही एवढेच लिहा: कमी केलेला प्रत्येक खर्च सरकारनंतर कुणाच्या अंगावर पडेल.

हे सगळे दोन पानांत बसते. आमच्याकडे हृदयाच्या शस्त्रक्रियेचे एस्टिमेट एका पानात बसते, आणि ते दिल्याशिवाय आम्ही कुणाकडून डिपॉझिट घेत नाही. तुम्ही मत मागता तेही डिपॉझिटच आहे. मतदानाच्या निदान सहा आठवडे आधी ती दोन पाने लोकांच्या हातात पडू द्या, म्हणजे माझ्यासारख्यांना पेन्सिल घेऊन बसायला वेळ मिळेल. ज्या पक्षाची पाने येतील त्यांची मी नोंद करीन आणि खिडकीपलीकडे वाट पाहणाऱ्यांनी विचारले तर त्यांनाही दाखवीन. ज्यांची येणार नाहीत त्यांच्या प्रचाराला माझ्या दारी आलेल्या कार्यकर्त्याकडे ती मागीन.

कळावे,
आपली,
बिलिंग काउंटरवर बसणारी एक मतदार